संगणकांतील पेटारा

कार्तिक सरत आला, भाताची मळणी उरकली कीं मालवण, कुडाळ, वेंगुर्लें या भागांतील गांवोगांवच्या जत्रांना आरंभ होतो, आणि पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून परतली म्हणजे रात्रीं देवळापुढें दशावताराचा खेळ उभा राहतो. पूर्वीं हीं दशावतारी मंडळें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पायीं जात. मंडळाचा सारा संसार पेटाऱ्यांत मावे, आणि तो पेटारा डोक्यावरून वाहून नेला जाई. मुकुट, तलवारी, लुगडीं, दागिने, तोंडाला फांसावयाचे रंग, सर्व कांहीं त्यांत. म्हणूनच त्या पेटाऱ्याला मंडळांत देवाचा मान. गांवाकडून मंडळाला लागे तें अगदीं थोडें: चार हात मोकळी जागा, वर मांडव, दिव्यांचा उजेड, आणि राजाचें सिंहासन म्हणून एक लांकडी बांक. एवढें मिळालें कीं पेटारा उघडावा आणि खेळ सुरू व्हावा. गांव बदललें म्हणून खेळाचें अडत नसे.

संगणकाच्या जगांत २०१३ सालापासून अशाच एका पेटाऱ्याचा बोलबाला झाला आहे. त्याला कंटेनर असें म्हणतात. दुसऱ्या कोणी तरी तयार केलेली आज्ञावली, म्हणजे संगणकाकडून एखादें काम करवून घेणाऱ्या सूचनांचा संच, आपल्या यंत्रावर आणून चालू करणें हें काम पूर्वीं जितकें त्रासाचें होतें, तितकेंच या युक्तीनें सोपें झालें. सोपें झालें याचा अर्थ निर्धोक झालें असा मात्र नव्हे. त्याचा विचार पुढें येईलच.

त्रास कसला होता? कोणतीही मोठी आज्ञावली एकटी येत नाहीं. तिला मदतीला इतर अनेक लहान आज्ञावल्या लागतात, आणि त्याही अमुकच आवृत्तीच्या. घरांतील छायाचित्रें सांभाळणाऱ्या आज्ञावलीला पीएचपी या संगणकीय भाषेची नवी आवृत्ति हवी असते, तर त्याच यंत्रावर चार वर्षांपूर्वीं बसविलेल्या हिशेबाच्या आज्ञावलीला जुनीच पाहिजे असते. एकीसाठीं नवी घ्यावी तर दुसरी बंद पडते. एकाच चुलीवर दोन भाऊबंदांचे संसार मांडल्यासारखी ही अवस्था. शिवाय ज्यानें आज्ञावली लिहिली त्याच्या यंत्रावर ती सुरळीत चालते आणि घेणाऱ्याच्या यंत्रावर उठतच नाहीं. देणारा म्हणतो आपल्याकडे दोष नाहीं, आणि घेणारा रात्र रात्र जागतो.

कंटेनर हें नांव जहाजी व्यवहारांतून आलें आहे. मालवणास मुंबईहून आगबोट येई त्या काळचें दृश्य ज्यांनीं वाडवडिलांच्या तोंडून ऐकलें असेल, त्यांना त्यांतील मुद्दा चटकन पटेल. आगबोट दूर खोल पाण्यांत उभी राही. माणसें आणि माल पडावांतून किनाऱ्यास येत. पोतीं, पिंपें, करंड्या, ट्रंका. प्रत्येक नगाचा आकार निराळा, प्रत्येक नग हातांनीं उचलावयाचा. फुटतूट आणि गहाळ होणें हें ठरलेलेंच. अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन या वाहतूकदारानें २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ सारख्या मापाच्या पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनकडे रवाना केल्या, आणि तेव्हांपासून जगाच्या मालवाहतुकीचें रूपच पालटत गेलें. पेटींत काजू आहेत कीं कापड, याची यारीला पर्वा नसते. पेटीचे कोपरे ठरलेल्या मापाचे असले म्हणजे झालें. १९८९ मध्यें सुरू झालेलें न्हावा शेवा बंदर याच पेट्यांवर वाढलें. संगणकाच्या कंटेनरांतही तत्त्व तेंच. आंत काय आहे हें यजमान यंत्रानें पाहावयाचें नाहीं. बाहेरचा आकार तेवढा सर्वांनीं एक मानावयाचा. तो आकार ठरविण्याकरितां २०१५ सालीं ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह या नांवाचें संघटन उभें राहिलें, त्यामुळें एकाच्या साधनानें बांधलेला पेटारा दुसऱ्याच्या साधनानेंही उघडतां येतो.

येथें दोन शब्दांतील भेद ध्यानीं घेणें अवश्य आहे. इमेज म्हणजे बांधून ठेवलेला पेटारा. कंटेनर म्हणजे त्यांतून उभा राहिलेला त्या रात्रीचा खेळ. इमेज एकदां तयार झाली कीं तिच्यांत बदल होत नाहीं. एका इमेजमधून एकाच वेळीं चार कंटेनर उभे करतां येतात. ही सोय मात्र कोणत्याही दशावतारी मंडळाला लाभलेली नाहीं. उपमा आणखी एका जागीं तुटते. दशावतारांतील संवाद नट ऐन वेळीं रचतात, म्हणून एकच आख्यान दोन रात्रीं सारखें होत नाहीं, आणि रसिकांना गोडी त्यांतच वाटते. संगणकाला ती गोडी परवडणारी नाहीं. इमेजमधून उठणारी आज्ञावली दर वेळीं अक्षरशः तीच असावी, हाच सारा खटाटोप.

इमेज थरांची बनलेली असते. सर्वांत खालीं लिनक्सच्या एखाद्या वितरणाचा लहानसा पाया, त्यावर संगणकीय भाषा, त्यावर मदतनीस आज्ञावल्या, आणि माथ्यावर मुख्य आज्ञावली. परंतु तींत संपूर्ण संगणक नसतो. यंत्राचे अवयव आणि आज्ञावल्या यांच्यामध्यें बसून सर्व कारभार पाहणारा जो कर्नल, तो यजमान यंत्राचाच वापरला जातो. तमाशाचा मोठा फड आठवावा. तो आपला तंबू, आपला रंगमंच, आपलें वीज-जनित्रसुद्धां ट्रकांतून बरोबर नेतो. संगणकांत त्याच्या जातीचें जें साधन आहे त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांत कर्नलसकट अख्खा संगणक भरलेला असतो, म्हणून त्याला जागा पुष्कळ लागते आणि उभें राहण्यास वेळही लागतो. कंटेनर हा दशावतारी पंथाचा. गांवच्या मांडवावर त्याचें भागतें, म्हणून तो बहुधा एक-दोन क्षणांत उभा राहतो, आणि अल्पाइन या लहान वितरणाचा पाया तर पांच-सात मेगाबाइटांतच आटोपतो.

मांडव एकच असतां दोन खेळांची गल्लत कां होत नाहीं? लिनक्सच्या कर्नलमध्यें यासाठीं दोन सोयी आहेत. नेमस्पेस ही सोय आज्ञावलीला काय दिसावें तें ठरविते, आणि सीग्रूप ही तिनें किती खावें तें ठरविते. पहिलीमुळें कंटेनरांतील आज्ञावलीला आपल्या फायली, आपलें जाळें, आपलीच कामें दिसतात. शेजारीं दुसरा कंटेनर आहे याची तिला गंधवार्ताही नसते. दुसरीमुळें स्मृति आणि प्रक्रियाशक्ति यांचा तिचा वाटा ठरवून देतां येतो. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्यें शिवाजी महाराजांनीं सिंधुदुर्गाचा पाया घातला. चहूंकडे खारें पाणी असतां आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, म्हणून किल्ल्याला पाण्यासाठीं किनाऱ्याकडे पाहावें लागत नसे. कंटेनरांतील मदतनीस आज्ञावल्या या अशाच आंतल्या विहिरी. मात्र किल्ल्याचा तट दगडाचा. कंटेनरचा तट त्या मानानें पातळ. कर्नल सामाईक असल्यामुळें त्याच्यांत एखादा दोष निघाला तर आंतला शत्रु बाहेर येण्याची वाट उघडते. व्हर्च्युअल मशीनची भिंत अधिक जाड आहे, आणि जेथें अनोळखी लोकांच्या आज्ञावल्या एकत्र चालवावयाच्या असतात तेथें जाणते लोक तीच पसंत करतात.

कल्पना नवी नव्हे. आज्ञावलीला फायलींचा एकच कोपरा दाखवून बाकीचें दृष्टीआड करण्याची युक्ति, चेरूट या नांवाची, युनिक्समध्यें १९७९ सालीं आली. फ्रीबीएसडीनें २००० सालीं तिच्यावरून ‘जेल’ केलें. सीग्रूप लिनक्समध्यें २००८ सालीं दाखल झाले. सामान तयार होतें, पण तें जोडावयाचें काम निष्णातांचें होतें. मार्च २०१३ मध्यें सॉलोमन हाइक्स यानें अमेरिकेंतील पायकॉन या परिषदेंत अवघ्या पांच मिनिटांच्या भाषणांत डॉकर हें साधन लोकांपुढें ठेवलें. त्यानें नवें असें फारसें शोधलें नव्हतें. पेटारा बांधण्याची, पाठविण्याची आणि उघडण्याची रीत त्यानें सामान्य प्रोग्रॅमरच्या हातीं दिली. मॅक्लीनची थोरवीही अशाच प्रकारची होती.

आतां प्रत्यक्ष एक घर घ्यावें. मालवणांत राहणारें एक वृद्ध जोडपें. एक मुलगा पुण्यास, मुलगी दुबईस. घरांत हजारों छायाचित्रें, आजोबांच्या पत्रांच्या आणि जमिनीच्या जुन्या कागदांच्या संगणकांत उतरविलेल्या प्रती. हें सर्व परक्या कंपनीच्या कोठारांत न ठेवतां घरच्याच एका जुन्या लॅपटॉपवर ठेवावें अशी इच्छा. त्यासाठीं नेक्स्टक्लाउड नांवाची मुक्त आज्ञावली २०१६ पासून उपलब्ध आहे. ती स्वतंत्रपणें बसवावयाची तर वेब सर्व्हर, पीएचपी, माहितीकोश हें सर्व एकेक करून जमवावें लागे. कंटेनरच्या मार्गानें लॅपटॉपवर लिनक्स आणि डॉकर असला म्हणजे पुरे. डॉकर हब या सार्वजनिक कोठारांतून नेक्स्टक्लाउडची इमेज एक आणि मारियाडीबी या माहितीकोशाची दुसरी, अशा दोन उतरवून घ्यावयाच्या, आणि दोहोंची सांगड घालणारी वीस-पंचवीस ओळींची एक फाईल लिहावयाची. तिला कंपोज फाईल म्हणतात. कोणता पेटारा, कोणत्या आवृत्तीचा, कोणत्या दारानें बोलावयाचा, सामान कोठें ठेवावयाचें, हें सारें तींत असतें. तींत ओळींची डावीकडील जागा बरोबर मोजून सोडावी लागते, आणि टॅबची कळ वापरलेली चालत नाहीं. प्रथम करणाऱ्याचा अर्धा दिवस हमखास येथें जातो. मग ‘डॉकर कंपोज अप’ एवढी आज्ञा दिली कीं दोन्ही खेळ उभे राहतात.

इमेज थरांची असते त्याचा लाभ येथें दिसतो. दोन इमेजींचा पाया एकच असला तर तो एकदांच उतरवावा लागतो, आणि पुढें नवी आवृत्ति घेतांना बदललेले थर तेवढेच येतात. पावसाळ्यांत ज्या गांवीं इंटरनेट रडतखडत चालतें, तेथें ही काटकसर मोलाची. जाळें मुळींच नसलें तरी अडत नाहीं: ‘डॉकर सेव्ह’ या आज्ञेनें इमेज एका फाइलींत बांधतां येते, ती पेन ड्राइव्हवर घालून एस. टी.नें कुडाळहून मालवणास आणावी, आणि ‘डॉकर लोड’नें उघडावी. डोक्यावरच्या पेटाऱ्याची याद येते ती येथेंच.

कंटेनर उभा राहिला तरी बाहेरच्याला तो दिसत नाहीं. संगणकाला ६५,५३५ दारें कल्पिलेलीं आहेत. त्यांना पोर्ट, म्हणजे शब्दशः बंदरें, असेंच नांव आहे. नेक्स्टक्लाउड आंतून ८० क्रमांकाच्या बंदरावर वाट पाहत असतो. यजमान यंत्राच्या ८०८० या बंदराशीं त्याची जोड फाइलींत लिहून दिली कीं घरांतल्या फोनांवरून तो उघडतो. सिंधुदुर्गाचें महाद्वार बुरुजांच्या आड असें बेतलें आहे कीं अगदीं जवळ जाईपर्यंत नवख्याला तें दिसूं नये. डॉकरची संवय नेमकी उलट: जोड लिहितांना कांहीं बंधन घातलें नाहीं, तर तो यंत्राच्या सर्व बाजूंना दार उघडतो, आणि लिनक्सवर यूएफडब्ल्यू नांवाचा जो पहारेकरी पुष्कळजण नेमतात, त्याला ओलांडून उघडतो. ज्यांना दार त्याच यंत्रापुरतें हवें असेल त्यांनीं बंदराच्या क्रमांकाआधीं १२७.०.०.१ हा पत्ता लिहावा. दुबईच्या मुलीसाठीं हें दार जगाला उघडें टाकण्यापेक्षां व्हीपीएनची खाजगी वाट घातलेली बरी.

या सर्वांत ज्या एका गोष्टीनें माणसें खरोखर रडलीं आहेत ती सामानाच्या जागेची. कंटेनर हा एका रात्रीचा खेळ. तो काढून टाकला कीं त्याच्या आंत लिहिलेलें सर्व त्याच्याबरोबर जातें; आणि कंटेनर काढून नवा उभा करणें हाच तर आवृत्ति बदलण्याचा रोजचा मार्ग. म्हणून जें टिकावयाचें तें कंटेनरच्या बाहेर, यजमान यंत्रावर राखलेल्या व्हॉल्यूम नांवाच्या कोठारांत ठेवावें लागतें. तें कोठार नांव देऊन फाइलींत नमूद करावयाचें असतें. तसें न केल्यास कांहीं इमेजी स्वतःच एक बिननांवाचें कोठार करून घेतात, आणि घात होतो तो यामुळेंच. सहा महिने सर्व ठीक दिसतें. मग कोणी कंटेनर बदलतो; नव्या कंटेनरला जुनें बिननांवी कोठार ठाऊक नसतें, तो स्वतःचें नवें, रिकामें कोठार उघडतो. पडद्यावर एकही छायाचित्र नाहीं. वास्तविक जुनें कोठार चकतीवर तसेंच पडून असतें, शोधलें तर सांपडतें. पण घाबरलेला माणूस जागा मोकळी करण्यासाठीं सफाईची आज्ञा देतो, आणि मग मात्र तें खरेंच जातें. नांव दिलेलें कोठारही सर्वस्वीं सुरक्षित नाहीं. ‘डॉकर रन’ या आज्ञेंत वजा व्ही हें अक्षर कोठार जोडतें. ‘डॉकर कंपोज डाउन’ या आज्ञेला तेंच अक्षर लावलें तर तें कोठार पुसून टाकतें. एकाच अक्षराला असे दोन विरुद्ध अर्थ देणाऱ्यांची बुद्धि धन्य म्हणावी.

कोठाराची नक्कल वेळोवेळीं दुसऱ्या चकतीवर घ्यावी हें कोणीही सांगेल. त्यांत एक मेख आहे. माहितीकोश चालू असतां त्याच्या फायली तशाच उचलल्या तर अर्धें वाक्य लिहिलेलें पान फाडून घेतल्यासारखें होतें. त्याच्याच आज्ञेनें सर्व मजकूर एका फाइलींत उतरवून घ्यावा, अथवा कंटेनर थांबवून मग नक्कल करावी.

आवृत्तीचीही गोष्ट अशीच. इमेजच्या नांवापुढें कांहीं न लिहिल्यास ‘लेटेस्ट’ हा शिक्का गृहीत धरला जातो, आणि त्याखालीं आज एक आणि वर्षानें दुसरेंच येऊं शकतें. नेक्स्टक्लाउडला एका वेळीं एकच मोठी पायरी चढतां येते. दोन वर्षें झोपून एकदम वरच्या पायरीवर उडी घेतली तर तो नकार देतो. पोस्टग्रेस हा माहितीकोश वापरला असेल तर पंधराव्या आवृत्तीचें कोठार सोळावीला थेट उघडत नाहीं. म्हणून आवृत्तीचा अंक फाइलींत स्पष्ट लिहावा आणि तो हेतुपुरःसर बदलावा.

पेटारा कोणाचा, हाही प्रश्न आहेच. डॉकर हबवर कोणालाही इमेज ठेवतां येते, आणि तेथें दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून नाणीं खणणाऱ्या इमेजी पूर्वीं सांपडल्या आहेत. मूळ कर्त्यांची किंवा ‘ऑफिशियल’ अशी खूण असलेली इमेज घ्यावी. नमुना फाइलींतला परवलीचा शब्द तसाच ठेवूं नये. आणि एखादी इमेज डॉकरचें स्वतःचें नियंत्रणद्वार मागूं लागली तर ती घराच्या सर्व किल्ल्या मागत आहे असें समजावें. रास्पबेरी पाय या लहान यंत्रासाठीं एआरएम जातीची इमेज लागते. इंटेल जातीची तेथें साधारणपणें उठत नाहीं. विंडोज किंवा मॅक असलेल्यांच्या यंत्रांत लिनक्सचा कर्नल नसल्यामुळें डॉकर आधीं एक लहान व्हर्च्युअल मशीन उभें करतो आणि त्यांत पेटारा उघडतो. म्हणजे तंबू नेऊन त्यांत दशावतार.

१६ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां झाडें आणि विजेचे खांब पडून वीज आणि दूरध्वनि ठिकठिकाणीं बंद झाले. अशा वेळीं घरचा लॅपटॉप भिजला किंवा विजेच्या हेलकाव्यानें जळाला तर काय उरतें? कंपोज फाईल, कोठाराची ताजी नक्कल आणि ‘सेव्ह’ करून ठेवलेल्या इमेजी हीं तीन जर दुसऱ्या चकतीवर असतील, तर शेजाऱ्याच्या कोणत्याही त्याच जातीच्या यंत्रावर लिनक्स आणि डॉकर असतां सर्व संसार फार तर तासा-दोन तासांत पुन्हां उभा राहतो. इंटरनेट नसलें तरी इन्व्हर्टरवर राउटर चालू असेल, तर घरांतील फोनांवरून छायाचित्रें आणि कागद दिसूं लागतात. तिहींपैकीं कोठाराची नक्कल नसेल तर बाकीच्या दोन वस्तूंनीं रिकामें नेक्स्टक्लाउड तेवढें मिळेल. यासाठीं मृग निघण्यापूर्वीं, वैशाखांतच, एकदां दुसऱ्या यंत्रावर हा प्रयोग खरोखर करून पाहावा: नक्कल उतरवावी, ‘कंपोज अप’ म्हणावें, आणि आजोबांचें एखादें ठराविक पत्र उघडतें कीं नाहीं तें पाहावें. उघडलें तर चकती प्लॅस्टिकच्या डब्यांत घालून, खाऱ्या हवेपासून दूर, माळ्यावर न ठेवतां कपाटांत ठेवावी, आणि दुसरी एक प्रत पुण्याच्या मुलाकडे पाठवून द्यावी.